बशीतला चहा

यावलच्या प्रशिक्षणात मॅडमनी फळ्यावर
अक्रोडासारखं काहीतरी काढलं. म्हणाल्या, हा मेंदू.
याचं बांधकाम पहिल्या हजार दिवसांत.
पुढे रंग देता येतो,
नवी खिडकी पाडणं अवघड.

मी वहीत लिहिलं: हजार दिवस.
बाजूला, सवयीनं, हिशेब केला.
नऊ महिने पोटातले, दोन वर्षं बाहेरची.

आमच्या सुपडूची ती दोन वर्षं
माझ्या कडेवर गेली.
आधीची दोघं राहिली नाहीत, म्हणून आईनं त्याला
सुपात घालून शेजारणीकडून
सव्वा रुपयाला विकत घेतला होता.
आणि दिवस उगवायच्या आत ती बागेत,
केळीची पिलं छाटायला.
पिलं छाटली म्हणजे घडाला खुराक पुरतो.

मी आठ वर्षांची.
नाव शाळेच्या पटावर, मी ओट्यावर.
तो रडला की गुळाचा चहा बशीत ओतायचा,
टोस्ट बुडवायचा,
आणि तुटून पडायच्या आत त्याच्या तोंडात.
यात मी पटाईत.
गल्लीतल्या बाया म्हणत,
कशी सांभाळते वं पोरगी!
चहानं तो गप्प व्हायचा.
गप्प पोर म्हणजे भरल्या पोटाचं पोर,
असंच वाटायचं मला.

मॅडम म्हणाल्या, चहा अंगात लोह जिरू देत नाही.
पुढे आयोडीन होतं, अंडं होतं, आणखी बरंच.
मी लोहापाशीच थांबले.

तिसरीत सुपडू टेबलाशी कान धरून उभा असायचा.
सातचा पाढा बेचाळीसला अडायचा.
‘डोक्यात काय शेण भरलंय का?’
गुरुजी विचारत,
आणि तो खरंच विचार करत राही.
चौथीत दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच.
आता गाडीत घड भरतो.
खांदा त्याचा, मोजणी मुकादमाची.
किती झाले विचारलं तर सांगतो,
‘लई झाले.’

चहामुळंच, असं कोण सांगणार?
आईचं रक्त कमी होतं. त्याला गोवर निघाला होता.
गुरुजींचा हातही जड होता.
मॅडमना विचारायचं होतं,
पण चहाची सुट्टी झाली.

आता माझ्या हातात टेप असते.
दंडाचा घेर. डोक्याचा घेर.
हिरवा, पिवळा, लाल.
रेमलीच्या दंडावर ती लालाच्या अलीकडे थांबते.
तिची आई सातपुड्यातून खाली येते, कापणीला.
रेमलीच्या मुठीत पाच रुपयांचा पुडा,
बोटं नारिंगी,
आणि मागच्या रस्त्यानं
दिल्लीला निघालेले केळीचे ट्रक.
‘गुणाची आहे बाई,’ आई म्हणते,
‘दिवसभर रडत नाही.’

कळण्याची भाकरी कुस्करून
मुगाच्या वरणात कालवता कालवता
माझा हात थांबला.
‘रडू दे तिला,’ मी म्हटलं.
आवाज चढला असावा.
ती घाबरली. मग मी तिला खाली बसवलं,
पहिल्यापासून सांगितलं. सुपडूचं मात्र नाही.

दुपारी तो येतो.
व्यापाऱ्यानं नाकारलेल्या, जास्त पिकलेल्या
दोन-तीन फण्या खांद्यावरच्या पोत्यात.
मोजत नाही. एकेकाच्या हातात देत जातो,
आणि कुणी सुटत नाही.
रेमलीला सोलून देतो, वरचं काळं काढून.

‘तू पण खा एक.’
‘नको वं. मले नही आवडत केळं.
चहा ठेव. टोस्ट आहे का?’

बत्तीस खोक्यांचा आहार, एक वजनकाटा,
भिंतीवर अंडी-पालेभाज्यांचा तक्ता,
आणि त्याखाली मी स्टोव्ह पेटवते.

तो बशीत ओततो. बुडवतो.
टोस्ट तुटून पडतो आत.
बोटानं शोधत राहतो थोडा वेळ,
मग माझ्याकडे बघून विचारतो,
‘तू कशी काढे वं ताई,
बुडायच्या आंधी?’